ताटांतील औषध : डॉ. ल्यूसी विल्सबाई

बीड जिल्ह्याच्या गेवराई तालुक्यांत उमापूर म्हणून आमचें गांव आहे. ज्वारी-बाजरीचा हा मुलूख. तेथील एखाद्या साध्या शेतकरी घरांतील रात्रीचें जेवण वाचकांनीं क्षणभर डोळ्यांसमोर आणावें. आधीं घरचे पुरुष आणि कोणी पाहुणा असेल तर तो बसतो, मग मुलें, आणि सर्वांच्या शेवटीं, चुलीपाशींच, भाकऱ्या थापून दमलेली घरची सून आपल्यापुढें ताटली ओढते. तोंपर्यंत टोपल्यांत भाकरी उरलेली असते, परंतु पातेल्यांतील कोरड्यास संपलेलें असतें. मग ती चटणी आणि तेल घेऊन भाकरी खाते, वर तांब्याभर पाणी पिते आणि भांडीं घासावयास उठते. यांत कोणास कांहीं विशेष वाटत नाहीं. तिला स्वतःलाहि वाटत नाहीं. आमच्या घरीं आम्हीं लहानपणापासून हेंच पाहिलें, आणि खरें सांगावयाचें तर त्या वेळीं आम्हांलाहि त्यांत कांहीं वावगें दिसलें नाहीं.

तिच्या पोटांत मूल असतें तेव्हांहि हा क्रम बदलत नाहीं. सहाव्या-सातव्या महिन्यांत तिचे ओठ पांढुरके होतात, पाण्याची घागर घेऊन चार पावलें चालली कीं धाप लागते, पायांवर सूज चढते. म्हाताऱ्याकोताऱ्या बाया म्हणत कीं, दिवस गेल्यावर असें व्हावयाचेंच. त्यांतून बाळंतपण निभावलें तर देवाची कृपा, न निभावलें तर नशीब, असा हिशेब पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला होता.

त्या रिकाम्या पातेल्याच्या तळाशीं एक मोठा शास्त्रीय शोध दडलेला होता. तो ज्या बाईनें लावला ती जन्मानें इंग्रज. परंतु शोध लागला तो आपल्या मुंबईंत, परळच्या प्रयोगशाळेंत, आपल्याच आयाबहिणींच्या ताटांकडे पाहून. त्या बाईंचें नांव डॉ. ल्यूसी विल्स. त्यांचें चरित्र आज आम्ही वाचकांस सादर करीत आहोंत.

ल्यूसीबाईंचा जन्म १० मे १८८८ रोजीं इंग्लंडांतील बर्मिंगहॅम शहराजवळ सटन कोल्डफील्ड येथें झाला. घराणें सुखवस्तु आणि विद्याव्यासंगी होतें. वडिलांनीं शास्त्र विषयाचें शिक्षण घेतलेलें होतें, आणि घरचा कारखाना होता तो विळे व गवत कापण्याचे मोठे कोयते घडविण्याचा. आमच्या जिल्ह्यांतून दर वर्षीं हजारों कुटुंबें हातांत कोयता घेऊन ऊसतोडीला निघतात; त्यामुळें हा तपशील वाचतांना आम्हांला उगीचच जवळीक वाटली, एवढेंच. घरांत झाडेंझुडपें, दगडमाती, हवापाणी यांविषयीं बोलणें नित्य चाले. एक भाऊ पुढें नामांकित भूगर्भशास्त्रज्ञ झाला. ल्यूसीबाईंनाहि वनस्पतींचें वेड लागलें तें याच घरांत.

चेल्टनहॅम येथील मुलींच्या प्रसिद्ध विद्यालयांत शिकून १९०७ सालीं त्या केंब्रिजच्या न्यूनहॅम कॉलेजांत दाखल झाल्या. वनस्पतिशास्त्र आणि भूगर्भशास्त्र हे त्यांचे विषय. १९११ सालीं त्यांचा अभ्यासक्रम पुरा झाला. परंतु केंब्रिजमध्यें त्या काळीं स्त्रियांना परीक्षेस बसूं देत, पदवी मात्र देत नसत. पुरुषांच्या बरोबरीनें पदवी देण्यास त्या विद्यापीठास १९४८ साल उजाडावें लागलें! आमच्याकडील मुलींच्या शिक्षणास नांवें ठेवतांना ही गोष्टहि लोकांनीं ध्यानांत ठेवावी.

यानंतरचीं दोन-तीन वर्षें दुःखाचीं गेलीं. १९११ सालीं वडील गेले, १९१३ सालीं थोरली बहीण ऐन तारुण्यांत गेली. मन रमावें म्हणून ल्यूसीबाईंनीं प्रवास केला. आईबरोबर सिंहलद्वीप पाहिलें, मग त्या दक्षिण आफ्रिकेंत गेल्या. तेथें त्यांची कॉलेजांतील मैत्रीण मार्गारेट ह्यूम ही वनस्पतिशास्त्र शिकवीत असे. १९१४ च्या ऑगस्टांत पहिलें महायुद्ध पेटलें, तेव्हां ल्यूसीबाई केप टाउनच्या एका रुग्णालयांत स्वयंसेविका म्हणून कांहीं आठवडे शुश्रूषेचें काम करूं लागल्या. झाडांच्या पानांवरून त्यांची दृष्टि माणसांच्या दुखण्याकडे वळली ती बहुधा याच आठवड्यांत. वर्षअखेर दोघी मैत्रिणी इंग्लंडास परतल्या. पुढें ह्यूमबाईंनींहि जीवनसत्त्वांच्या संशोधनांत नांव मिळविलें. दोन वनस्पतिशास्त्री मैत्रिणी, आणि दोघीहि शेवटीं अन्नाच्या संशोधनाकडे आल्या, हा योग मोठा मौजेचा आहे.

१९१५ च्या जानेवारींत, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षीं, ल्यूसीबाईंनीं लंडनच्या स्त्रियांसाठीं असलेल्या वैद्यकीय विद्यालयांत नांव घातलें. या विद्यालयाचा हिंदुस्थानाशीं जुना संबंध होता. येथून शिकून निघालेल्या कितीतरी बाया आपल्याकडील जनाना रुग्णालयांत येत, आणि आपल्याकडील मुलीहि तेथें शिकावयास जात. पुण्याच्या शाळेंत शिकलेल्या, बेने इस्राएल समाजांतील डॉ. जेरूशा झिराड या त्याच काळांत तेथें शिकत होत्या. स्त्रीरोग व प्रसूतिशास्त्र या विषयांतील वरिष्ठ पदवी त्यांनीं १९१९ सालीं घेतली, आणि पुढें मुंबईच्या कामा हॉस्पिटलच्या त्या मुख्य झाल्या. विल्सबाई १९२० सालीं डॉक्टर झाल्या. त्यांनीं दवाखाना घातला नाहीं. रॉयल फ्री हॉस्पिटलच्या प्रयोगशाळेंत राहून गर्भवतींच्या शरीरांत होणाऱ्या रासायनिक फेरफारांचा अभ्यास करणें त्यांनीं पसंत केलें.

आतां मुंबईकडे वळूं. हिंदुस्थानांतील स्त्रियांच्या रुग्णालयांत उभी हयात घालविलेल्या डॉ. मार्गारेट बाल्फोर यांनीं बाळंतपणांत होणाऱ्या मृत्यूंची चौकशी हातीं घेतली होती. मुंबईच्या गिरण्यांत सूत गुंडाळण्याच्या व तत्सम कामांवर त्या काळीं हजारों बाया असत. त्यांच्यांत आणि शहरांतील इतर गरीब स्त्रियांत गरोदरपणीं एक भयंकर पांडुरोग आढळे. रक्त इतकें फिकें पडे कीं बाळंतपणाचा ताण त्यांना सोसत नसे, आणि आई व मूल दोघेंहि दगावत. या रोगाचें मूळ शोधण्यासाठीं बाल्फोरबाईंनीं विल्सबाईंना बोलावून घेतलें. १९२८ सालीं विल्सबाई मुंबईंत आल्या आणि परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटमध्यें त्यांचें काम सुरू झालें.

रोग कसला होता हें थोडें समजावून सांगितलें पाहिजे. त्याशिवाय शोधाची गोडी कळणार नाहीं. आपल्या रक्तांत तांबड्या पेशी असतात आणि त्या प्राणवायु वाहून नेतात. अन्नांत लोह कमी पडलें कीं या पेशी लहान आणि फिकट होतात. हा नेहमींचा पांडुरोग. परंतु मुंबईच्या या बायांचें रक्त सूक्ष्मदर्शकाखालीं पाहिलें तर प्रकार उलटा दिसे. पेशींची संख्या फार थोडी, पण त्यांतील पुष्कळशा नेहमींपेक्षां मोठ्या, फुगल्यासारख्या. लोह देऊन असला रोगी बरा होत नसे. विलायतेंत असाच मोठ्या पेशींचा एक पांडुरोग फार दिवसांपासून माहीत होता, आणि तो हमखास प्राणघातक ठरे. १९२६ सालीं अमेरिकेंतील मायनॉट आणि मर्फी या डॉक्टरांनीं रोज भरपूर यकृत, म्हणजे जनावराचें काळीज, खावयास दिलें तर तसला रोगी वांचतो असें दाखवून दिलें होतें. मग मुंबईचा रोग तोच कीं दुसरा? विलायती रोग्यांच्या जठरांतील आम्लरस आटलेला असे. या बायांचा तसा आटलेला नव्हता. रोग दिसावयास सारखा, पण कूळ निराळें, हें विल्सबाईंच्या ध्यानांत आलें.

त्या काळीं कोणताहि रोग दिसला कीं प्रथम जंतूंचा संशय घेण्याची शास्त्रज्ञांची रीत होती, आणि ती अगदींच गैर होती असें नाहीं. विल्सबाईंनींहि आधीं तोच माग काढला. रोग्यांच्या आंतड्यांत असा कांहीं जंतु आहे काय, कीं ज्याच्या विषानें रक्त नासतें, हें पाहिलें. तसा कांहीं सांपडेना. तेव्हां त्यांनीं सूक्ष्मदर्शक बाजूला ठेवला आणि बायांच्या घरांची वाट धरली.

आम्हांला या चरित्रांतील सर्वांत मोलाचा भाग हा वाटतो. घरांत काय शिजतें, किती माणसांत वांटलें जातें, बाईच्या वांट्याला त्यांतलें काय येतें, दूध किती, भाजी किती, फळ कधीं मिळतें कीं नाहीं, ही चौकशी कोणत्याहि मोठ्या पंडितास क्षुल्लक वाटली असती. विल्सबाईंनीं ती एखाद्या रासायनिक पृथक्करणाइतक्या काळजीनें केली. तळपदे या आपल्याकडील सहकाऱ्यांची त्यांना या कामीं जोड मिळाली, आणि मुंबईच्या स्त्रियांचा आहार व राहणी यांविषयींचा दोघांचा निबंध १९३० सालीं प्रसिद्ध झाला. निरनिराळ्या जातींच्या आणि निरनिराळ्या उत्पन्नाच्या स्त्रियांचीं ताटें शेजारीं शेजारीं मांडल्यावर गोष्ट उघड झाली. ज्यांच्या ताटांत प्रथिनें, फळें आणि भाजीपाला यांची वाण, त्यांच्यांतच हा रोग अधिक. शहरांतील गरीब मुसलमान स्त्रियांचा आहार सर्वांत निकृष्ट आढळला, आणि रोगाचा जोरहि त्यांच्यांत सर्वांहून मोठा. रोग जातीचा नव्हता, धर्माचा नव्हता. तो ताटाचा होता.

परंतु शास्त्र एवढ्यावर समाधान मानीत नाहीं. निकृष्ट अन्न आणि रोग हीं दोन्हीं एके ठिकाणीं आढळलीं म्हणून पहिल्यापासून दुसरा होतो असें ठरत नाहीं. गरिबाच्या घरीं अन्नाबरोबर हवा, उजेड, विश्रांति या सर्वांचीच टंचाई असते. म्हणून १९२९ सालीं एप्रिलापासून ऑक्टोबरापर्यंत विल्सबाई निलगिरी पर्वतावरील कुन्नूर येथें जाऊन राहिल्या. तेथें रॉबर्ट मॅककॅरिसन हे गृहस्थ आहारसंशोधनाचे मुख्य होते. हिंदुस्थानांतील निरनिराळ्या प्रांतांचें जेवण उंदरांना घालून कोणाचे उंदीर धष्टपुष्ट होतात हें त्यांनीं पाहिलें होतें. त्यांत शीख आणि पठाण यांच्या जेवणाखालोखाल आपल्या मराठ्यांच्या जेवणाचा क्रम लागला. आमच्या भाकरीचा हा मान वाचून उमापूरकरांनीं हुरळून जाऊं नये. तें ताट भाजी-डाळीसह पुरें भरलेलें होतें, उरल्यासुरल्याचें नव्हतें.

कुन्नूरला विल्सबाईंनीं उंदरांच्या माद्यांना मुंबईच्या गरीब बाईचें जेवण घातलें. माद्यांना पांडुरोग झाला, पुष्कळशा पिलें होण्याआधींच मेल्या. आणि अन्नांत यीस्ट म्हणजे आंबवणाचें किण्व मिसळलें तेव्हां रोग टळला. आतां सिद्धांत हातीं आला असें कोणासहि वाटलें असतें. परंतु पुढें तपास करतां असें निघालें कीं, या उंदरांच्या अंगावर उवा होत्या आणि त्या उवांवाटे एक जंतु त्यांच्या रक्तांत शिरून तोहि रक्ताचा नाश करीत होता. म्हणजे पांडुरोग अन्नामुळें किती आणि उवांमुळें किती, याचा निवाडा होईना. कित्येक महिन्यांचें काम एका उवेनें संशयांत घातलें!

दुसरा कोणी असता तर एक तर हताश झाला असता, नाहीं तर उवांची गोष्ट दडवून आपला निष्कर्ष पुढें रेटता झाला असता. विल्सबाईंनीं ती दडविली नाहीं. त्या मुंबईस परतल्या आणि उंदीर सोडून माकडें घेतलीं. माकडाचें रक्त माणसाच्या रक्ताशीं अधिक जवळचें. बिलिमोरिया या सहकाऱ्याच्या मदतीनें त्यांनीं माकडांना तसलाच निःसत्त्व आहार दिला. माकडांचें रक्त उतरलें, तांबड्या पेशी मोठ्या झाल्या. हुबेहूब गिरणीतल्या बाईचा रोग माकडांत उभा राहिला. आणि मार्माइट चारतांच तीं सुधारलीं.

हें मार्माइट म्हणजे काय? विलायतेंत बीअर नांवाची दारू करतांना पिंपाच्या तळाशीं यीस्टचा गाळ सांचतो. तो पूर्वीं टाकून देत. १९०२ सालापासून त्या गाळाचा आटवून केलेला काळसर, खारट अर्क बाटल्यांत भरून विकूं लागले, आणि तिकडील गरीब लोक तो पावाला फांसून खाऊं लागले. त्यांत दारूचा अंश नसतो. यकृत महाग, लवकर नासणारें, आणि शाकाहारी बाईस तर खाणेंच अशक्य. मार्माइट स्वस्त, टिकाऊ आणि शाकाहारी. विल्सबाईंनीं तें मुंबईच्या गर्भवतींना देऊन पाहिलें.

गुण आला तो पाहणाऱ्यांना थक्क करणारा होता. ज्या बाईस उठून बसवत नव्हतें तिला थोड्याच दिवसांत भूक लागूं लागे, ताप उतरे, आणि रक्ताचा थेंब तपासला तर कोवळ्या नव्या पेशींची एकच गर्दी झालेली दिसे. पुढील कांहीं आठवड्यांत तिचें रक्त भरून येई. १९३१ च्या आरंभीं मद्रासच्या एका जनाना रुग्णालयांतहि त्यांनीं काम केलें, आणि त्याच सालीं इंग्लंडांतील प्रमुख वैद्यकीय नियतकालिकांत आपला शोध जगापुढें मांडला. त्या वेळीं आमचें उमापूर निजामाच्या राज्यांत होतें. तेथें सुईणीखेरीज बाळंतिणीस दुसरा आधार नव्हता, आणि मुंबईंत असा कांहीं शोध लागला आहे ही वार्ता तेथें पोंचण्याचें कारणच नव्हतें.

१९३३ पासून विल्सबाई लंडनला पुन्हां पूर्ण वेळ काम करूं लागल्या, तरी मनांतील एक प्रश्न सुटला नव्हता. मार्माइटमध्यें गुण कोणत्या द्रव्याचा? त्यासाठीं १९३७ च्या अखेरीस त्या पुन्हां दहा आठवड्यांकरितां मुंबईस आल्या, आणि या खेपेस चक्क विमानानें. पाण्यावर उतरणारें तें विमान साउथम्पटनहून निघून अथेन्स, अलेक्झांड्रिया, बसरा, बाहरीन असे टप्पे घेत पांच रात्रींनीं कराचीस पोंचत असे. वयाच्या पन्नाशीला आलेली एक बाई परळच्या प्रयोगशाळेसाठीं हा खटाटोप करते, याचें आम्हांला मोठें कौतुक वाटतें.

त्या सुमारास असें आढळलें कीं, यकृताचा ओबडधोबड अर्क दिला तर मुंबईच्या बाया बऱ्या होत. परंतु तोच अर्क खूप शुद्ध करून दिला तर विलायती पांडुरोगी बरे होत आणि या बाया मात्र जशाच्या तशा राहत. याचा अर्थ उघड होता. यकृतांत रक्त घडविणारीं द्रव्यें एक नव्हे, दोन आहेत. शुद्धीकरणांत एक टिकतें आणि दुसरें गळून जातें. जें गळून जातें तेंच मार्माइटांत आहे, आणि तेंच या बायांच्या ताटांत नाहीं. या निनांवी द्रव्याला शास्त्रज्ञ विल्सबाईंच्याच नांवानें ओळखूं लागले.

त्या द्रव्याला स्वतःचें नांव मिळालें १९४१ सालीं. अमेरिकेंत टेक्सास येथें मिचेल, स्नेल आणि विल्यम्स या रसायनशास्त्रज्ञांनीं सुमारें चार टन पालक गाळून त्यांतून तें वेगळें काढलें, आणि लॅटिन भाषेंत पानाला जो शब्द आहे त्यावरून त्याचें नांव फोलिक ॲसिड ठेवलें. पुढें १९४५ सालीं लेडर्ली कंपनीच्या प्रयोगशाळेंत तें कृत्रिम रीतीनें तयार झालें. तेथील संशोधनाचे प्रमुख होते आंध्रांतील भीमवरमचे डॉ. येल्लाप्रगड सुब्बाराव. मुंबईच्या स्त्रियांच्या ताटांपासून निघालेला धागा अमेरिकेंत जाऊन पुन्हां एका भारतीयाच्या हातीं आला. शुद्ध अर्कांतील दुसरें द्रव्य, म्हणजे ब-१२ जीवनसत्त्व, १९४८ सालीं हातीं लागलें.

आतां कळतें कीं, आपल्या शरीरांतील कोणतीहि पेशी दुभंगून तिच्या दोन होतांना तिच्या केंद्रांतील आनुवंशिक द्रव्याची नवी प्रत तयार व्हावी लागते, आणि त्या कामाला हें पानांतलें जीवनसत्त्व लागतें. तें नसेल तर पेशी वाढते, पण दुभंगत नाहीं. म्हणून ती मोठी दिसते. रक्त तर रोज नवें व्हावयाचें, आणि गर्भ म्हणजे दुभंगणाऱ्या पेशींचाच गोळा. त्यामुळें गर्भवतीची गरज दुणावते. आई आपल्या सांठ्यांतलें बाळाला देते आणि स्वतः रिकामी होते. इतकेंच नव्हे, तर १९९१ सालीं प्रसिद्ध झालेल्या ब्रिटिश संशोधनांत असें दिसलें कीं, ज्या स्त्रियांना मज्जारज्जूंत व्यंग असलेलें मूल पूर्वीं झालें होतें, त्यांनीं गर्भधारणेच्या आधींपासून फोलिक ॲसिड घेतलें तर पुन्हां तसें मूल होण्याचा धोका सुमारें पाऊण हिश्शानें कमी होतो. विल्सबाईंना स्वतःला हें पाहावयास मिळालें नाहीं.

हें जीवनसत्त्व आमच्याकडे दुर्मिळ आहे काय? मुळींच नाहीं. मेथी, पालक, तांदुळजा, चाकवत, करडईची कोवळी भाजी, हरभऱ्याचा पाला यांत तें आहे, हरभरा, मूग, तूर, मटकी, हुलगे यांत आहे, शेंगदाण्यांत आहे. पण तें नाजूक असतें. फार वेळ शिजविलें कीं नासतें, आणि पाण्यांत विरघळत असल्यामुळें भाजीच्या पाण्याबरोबर निघून जातें. आमच्याकडे अंबाडीची भाजी उकडून, पिळून, तें आंबट पाणी ओतून देतात. चवीच्या दृष्टीनें तें बरोबर असेल, पण त्या पाण्याबरोबर काय जातें हें कोणी पाहत नाहीं. भाजी चिरून मग धुण्याची संवयहि तशीच. आणि उन्हाळ्यांत, पाण्याच्या टंचाईच्या दिवसांत, पालेभाजी दिसतच नाहीं; तेव्हां डाळीवरच भिस्त, आणि डाळीचें पातेलें शेवटच्या माणसापर्यंत पोंचलें तर.

विल्सबाईंच्या पुढील आयुष्याची हकीकत थोडक्यांत सांगतों. दुसऱ्या महायुद्धांत त्यांनीं लंडनच्या रुग्णालयांत रोगनिदानाचें काम केलें. १९४४ च्या जुलैंत रॉयल फ्री हॉस्पिटलवर जर्मनांचा बाँब पडून त्यांच्या प्रयोगशाळेची खराबी झाली आणि माणसें मेलीं, त्या वांचल्या. १९४७ सालीं त्या निवृत्त झाल्या. निवृत्तीनंतर त्यांनीं जमैका, फिजी, दक्षिण आफ्रिका या देशांत जाऊन तेथील लोकांचा आहार आणि पांडुरोग यांचा अभ्यास केला. म्हणजे निवृत्ति ही नांवाचीच होती. चेल्सी भागाच्या नगरसभेंत त्या मजूर पक्षाच्या सभासद होत्या. त्यांनीं लग्न केलें नाहीं. मोटारींतून मिरविण्यापेक्षां सायकलीवरून कामावर जाणें त्यांना आवडे. बर्फांतून घसरत दूरवर भटकण्याचाहि त्यांना छंद होता. मोठमोठे मानसन्मान त्यांच्या वांट्याला आले नाहींत. यकृताचा गुण दाखविणाऱ्या अमेरिकन डॉक्टरांना १९३४ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. मार्माइटवाल्या बाईंना तसलें कांहीं मिळालें नाहीं, आणि आमच्या मतें हा न्याय झाला असें म्हणवत नाहीं. १६ एप्रिल १९६४ रोजीं, शहात्तरावें वर्ष पुरें होण्यास थोडे दिवस असतां, त्या वारल्या. २०१९ सालीं त्यांच्या जन्मदिनीं गूगलनें आपल्या पानावर त्यांचें चित्र झळकविलें, तेव्हां पुष्कळांना हें नांव प्रथमच कळलें.

लोह आणि फोलिक ॲसिड यांची एकत्र गोळी आज आपल्या देशांतील प्रत्येक गर्भवतीस सरकारी दवाखान्यांतून फुकट मिळते. चौथ्या महिन्यापासून रोज एक, निदान १८० दिवस, असा नियम आहे. गोळींत ६० मिलिग्रॅम लोह असतें आणि फोलिक ॲसिड अवघें अर्धा मिलिग्रॅम. तरीसुद्धां २०१९ ते २०२१ या काळांत झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत १५ ते ४९ वर्षांच्या भारतीय स्त्रियांपैकीं शेंकडा ५७, आणि गर्भवतींपैकीं शेंकडा ५२ पांडुरोगी आढळल्या. त्यांत लोहाची उणीव हें मोठें कारण खरें. पण लोह काय किंवा पानांतलें सत्त्व काय, दोन्हीं त्याच पातेल्यांतून यावयाचीं.

आमच्या भागांत दिवाळीच्या सुमारास टोळ्या ऊसतोडीला निघतात. गर्भवती बायाहि नवऱ्याबरोबर जातात, कारण कोयता जोडीचा असतो आणि उचल दोघांच्या नांवावर घेतलेली असते. पहाटे अंधारांत उठून भाकऱ्या बडवावयाच्या, फडांत जावयाचें, डोक्यावर मोळ्या वाहावयाच्या. भाजी घ्यावयास ना वेळ, ना जवळ बाजार. गोळ्यांची पट्टी गांवांतल्या घरीं देवळींतच राहिली तर पुढें सहा महिने ती कोण देणार, हा प्रश्न आशाताईंना दर वर्षीं पडतो.

गेल्या हंगामांत आम्ही उमापूरला गेलों होतों. नात्यांतील एका घरीं जेवावयास बोलावलें होतें. त्या घरच्या सुनेला सातवा महिना होता. देवळींत गोळ्यांची पट्टी होती, आणि ती निम्म्याहून अधिक संपलेली पाहून आम्हांला बरें वाटलें. मेथीची भाजी फार चविष्ट झाली होती, आणि आम्हांला आग्रह करकरून दोनदां वाढली. आम्हीं विल्सबाईंची ही हकीकत जेवतां जेवतां सांगितली. सर्वांनीं लक्ष देऊन ऐकली. हात धुवून आंत डोकावलों, तेव्हां सून चुलीपाशीं जेवावयास बसत होती, आणि मेथीचें पातेलें पालथें पडलेलें होतें.